बाकी

चियातुरात मँगनीजच्या खाणी होत्या,
खोल दरीवरून माणसं रोपवेच्या डब्यात बसून घरी जात.
मग वीज गेली, आणि काही हिवाळे धड आलीच नाही.
डबे जिथल्या तिथे लटकून राहिले.

त्या अंधारात त्सियाला क्विर्क्वेलिया,
शाळेतली गणिताची बाई,
खाणीची जुनी हजेरीपत्रकं पाठकोरी करून बसली
आणि सातापासून सुरुवात केली.

सात. मूळ संख्या.
शेजारी तीन ठेवला : त्र्याहत्तर, हीही मूळ.
मग नऊ : सातशे एकोणचाळीस.
प्रत्येक नवा आकडा उजव्या हाताला,
आणि दर वेळी तोच प्रश्न, हिला कुणी भागतं का?
बऱ्याच फांद्या चार-पाच आकड्यांतच वाळल्या.
एक तेवढी चढत गेली,
आठव्या आकड्यापर्यंत :

७,३९,३९,१३३

(स्वल्पविराम माझे.
आपल्या पद्धतीने दिले की मधली दोन एकोणचाळिसं
जुळ्या बहिणींसारखी शेजारी बसतात;
त्यांच्या पद्धतीत ती तुटतात.
आणि त्यांच्या भाषेत एकोणचाळीस म्हणजे
वीस, वर दहा, वर नऊ.
आपण म्हणतो, चाळिसाला एक कमी.
कुणी भर घालत पोचतं, कुणी उणीव मोजत.)

शेवटचा तीन पुसा, उरते ती मूळ.
आणखी एक तीन पुसा, मूळ.
एक पुसा, तीन पुसा,
पुसत पुसत साताशी या,
कुठेही भेग नाही.

"आपल्या गावासारखी," माल्खाझ म्हणाला,
रोपवे चालवायचा, आता शेजारी नुसता बसायचा.
"नाही," बाई म्हणाल्या. "गावासारखी नाही.
संख्या संख्येसारखी असते. रॉकेल जपून घाल."

तिचं वर्गमूळ आठ हजार सहाशेच्या जरा अलीकडे.
म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं,
एक हजार सत्तर भागाकार,
हातमोजे घालून, बोटं कापलेले हातमोजे.

फेब्रुवारीत एका रात्री,
सहा हजारांच्या पुढे कुठेतरी, बाकी शून्य आली.
बाईंनी भिंतीवर मूठ आपटली.
माल्खाझ घोंगडी गुंडाळून धावत आला.
"भाग गेला," त्या म्हणाल्या.
तो दिव्याकडे बघत उभा राहिला.
"जाऊ दे की. इथे काय वाटलं जायचं राहिलंय?"
बाई त्याच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत.

खरं तर सकाळीच चूक सापडली होती.
दोन ठिकाणी हातचा राहिला होता,
आणि एक सात एकासारखा दिसत होता.
पण हे त्याला सांगायला चार दिवस लागले.

शेवटचा भाजक आठ हजार पाचशे सत्त्याण्णव.
भागाकार आठ हजार सहाशे.
बाकी चार हजार नऊशे तेहेतीस.
तिच्याखाली बाईंनी दोन रेघा ओढल्या,
आणि नवव्या आकड्याच्या शोधाला लागल्या.

सम आकडे आणि पाच आधीच बाद.
एक जोडला तर तिनाने भाग जातो,
सात जोडला तर नवाने.
राहिले तीन आणि नऊ,
दोघांच्याही पोटात, खोलवर, तडा होता.
काढून घ्याल तेवढं घ्या,
पण हिच्यात भर घालता येत नाही.
ते पान त्यांनी चुलीत घातलं नाही, एवढंच.

आता वीज असते.
माल्खाझची नात नुत्सा कुताइसीहून येते,
परवा तिने तो आकडा फोनमध्ये घातला
आणि पापणी लवायच्या आत ओरडली :
"मूळ आहे, बाई! बरोबर होतं तुमचं!"

"बाकी किती?" बाईंनी विचारलं.

नुत्साने फोन उलटसुलट करून बघितला.
बाकी तो सांगत नव्हता,
हो किंवा नाही, इतकंच सांगत होता.

"चार हजार नऊशे तेहेतीस,"
बाई म्हणाल्या,
आणि चहाला आधण ठेवायला उठल्या.